रडारला वेग दिसतो, पण तो कोणाचा?

प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते. खारघरला राहणारा, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी विचारतो: "शंभर किलोमीटर उंचीवर आयनांचे, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणूंचे, जेमतेम किलोमीटरभर जाडीचे थर असतात, रडारने त्यांचा अभ्यास होतो आणि तिथलं विद्युत क्षेत्रही मोजतात, असं वाचलं. रडारच्या हाती परत आलेल्या सिग्नलखेरीज काहीच नसतं. मग त्यातून व्होल्ट प्रति मीटर निघतात कसे? आणि गच्चीवर स्वस्तातला एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) नि तारेचा अँटेना लावून मला यातलं काही दिसेल का?"

दुसऱ्या भागाकडे शेवटी येते. पहिल्या भागातली शंका रास्त आहे, कारण विद्युत क्षेत्र कुठलंच रडार मोजत नाही. रडारला तीन गोष्टी कळतात: सिग्नल किती वेळाने परतला, किती जोमाने परतला आणि त्याची वारंवारता किती सरकली. पहिलीतून अंतर मिळतं. दुसरीतून, हिशेब नीट केला तर, इलेक्ट्रॉनांची घनता. तिसरी म्हणजे डॉप्लर, आणि डॉप्लर म्हणजे रडारच्या दिशेतला वेग. तिरुपतीजवळ गादंकीला ५३ मेगाहर्ट्‍झचं रडार आहे. त्याची तरंगलांबी साडेपाच मीटरहून थोडी जास्त. समोरची वस्तू सेकंदाला २० मीटरने जवळ येत असेल, तर वारंवारता साधारण ७ हर्ट्‍झने सरकते. ५३ दशलक्षात सात. तरीही हे मोजता येतं, आणि फार अवघडही नाही.

वेगातून क्षेत्र काढायचं सूत्र सोपं आहे. चुंबकीय क्षेत्रात आडवं विद्युत क्षेत्र असलं की विद्युतभारित कण दोन्हींना काटकोनात सरकतात, आणि सरकण्याचा वेग म्हणजे विद्युत क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र. दक्षिण भारतावर चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गाउस आहे, म्हणून मीटरला १ मिलिव्होल्ट क्षेत्र असेल तर कण सेकंदाला सुमारे २५ मीटर सरकतात. पेरूतल्या हिकामार्काच्या रडारवर चुंबकीय क्षेत्र दुबळं, पाव गाउसच्या आसपास. तिथे त्याच एका मिलिव्होल्टला ४० मीटर मिळतात. म्हणजे वेगाला चुंबकीय क्षेत्राने गुणलं की झालं. पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात. माझ्या तीसेक वर्षांच्या कामातली निम्मी भांडणं मात्र याच्या पुढच्या प्रश्नावर झाली: हा वेग कोणाचा? इलेक्ट्रॉनांचा, आयनांचा, हवेचा, की प्लाझ्मात, म्हणजे आयन-इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणात, उठलेल्या एखाद्या लाटेचा? पातळ थरांच्या उंचीवर ही चारही उत्तरं वेगवेगळी असतात.

असं का होतं, ते पाहू. संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. तुम्हाला जायचं असतं प्लॅटफॉर्म दोनकडे आणि पोचता गर्दी नेईल तिकडे. शंभर किलोमीटर उंचीवर आयनांची गत हीच असते. आयन जड असतो आणि चुंबकीय रेषेभोवती सावकाश फिरतो. एक वेटोळं पुरं व्हायच्या आत त्याला हवेच्या रेणूंच्या शंभरावर धडका बसतात. त्यामुळे तो मुकाट्याने वाऱ्याबरोबर जातो, विद्युत क्षेत्राचं फारसं ऐकत नाही. इलेक्ट्रॉन हलका आणि चपळ. गर्दीतून सुर्रकन निसटणाऱ्या पोरासारखा दोन धडकांमध्ये तो कित्येक वेटोळी मारून घेतो, म्हणून त्या उंचीवरही तो विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचंच मानतो. १२०-१३० किलोमीटरच्या आसपास आयनांचाही तोल बदलू लागतो. दीडशेच्या वर गर्दी इतकी ओसरते की आयन आणि इलेक्ट्रॉन दोघंही एकाच चालीने सरकतात.

पातळ थरही याच गर्दीमुळे बनतो. उल्का जळतात तेव्हा लोह, मॅग्नेशियम असे धातू वर उरतात आणि त्यांचे आयन होतात. नायट्रिक ऑक्साइडचा किंवा ऑक्सिजनच्या रेणूचा आयन इलेक्ट्रॉन भेटला की लगेच फुटून निवतो. धातूचा एकटा अणू-आयन तसं करू शकत नाही, म्हणून तो तासन्‌तास टिकतो. आता वारा पूर्वेकडे वाहत असेल तर तो या आयनांना उत्तरेकडे जाणाऱ्या चुंबकीय रेषांमधून फरफटत नेतो आणि त्यामुळे ते किंचित वर ढकलले जातात. वारा पश्चिमेकडे असेल तर किंचित खाली. म्हणून खाली पूर्वेकडे वाहणारा आणि वर पश्चिमेकडे वाहणारा वारा अशी जोडी जमली, की मधल्या जागी आयन दोन्हीकडून येऊन दाटतात. व्हाइटहेड या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली वाऱ्याच्या कातरीची कल्पना ती हीच. असा थर कधी जेमतेम शे-दोनशे मीटर, तर कधी दोन-तीन किलोमीटर जाड असतो. भरतीच्या लाटांसारख्या ज्या वातावरणीय लाटा रोज उठतात, त्यांच्याबरोबर तो तासाला साधारण किलोमीटरभर खाली उतरत जातो. आमच्या भाषेत हा 'स्पोरॅडिक ई', म्हणजे मनात येईल तेव्हा उगवणारा ई-थर. नाव जुनं आहे. इतकं लहरी त्यात काही नाही, हे आता कळतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

इथे "परिस्थितीवर अवलंबून" म्हणण्याची पहिली वेळ येते. चुंबकीय विषुववृत्तावर थर जमण्याची ही रीत चालत नाही. तिथे चुंबकीय रेषा पूर्ण आडव्या असतात. वारा आयनांना वर ढकलतो, पण इलेक्ट्रॉन आडव्या रेषा सोडून वर चढू शकत नाहीत. भार वेगळे होऊ लागतात आणि लगेच असं क्षेत्र उभं राहतं जे आयनांना परत खेचतं. म्हणून तिथे धातूचा दाट थर क्वचितच जमतो. त्याऐवजी दिवसा साधारण १०५ किलोमीटरवर पूर्वेकडे वाहणारा प्रवाह असतो, त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. पूर्वेकडचं मूळ क्षेत्र मीटरला अर्धा मिलिव्होल्ट असलं, तरी याच अडवणुकीमुळे वीस-पंचवीस पट मोठं उभं क्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉन सेकंदाला काहीशे मीटरने पश्चिमेकडे धावतात. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्यातून भारतातून पहिलं रॉकेट सुटलं. ते गाव निवडण्याचं मोठं कारण म्हणजे चुंबकीय विषुववृत्त त्याच्याजवळून जातं, हे होय. मुंबई-ठाण्याकडे चुंबकीय रेषा जमिनीत पंचविसाच्या आसपास अंशांनी कललेल्या असतात. म्हणजे आपल्या डोक्यावर धातूचे थर जमू शकतात, चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या तिरुनेलवेलीच्या डोक्यावर सहजासहजी नाही. इंटरनेटवर सगळं एकाच शीर्षकाखाली सापडतं, आणि नव्या मुलांचा पहिला गोंधळ नेमका इथे होतो.

आता रडारच्या दोन जाती. पहिलीला इनकोहेरंट स्कॅटर म्हणतात. ही अफाट शक्तीची रडारं इलेक्ट्रॉनांच्या स्वाभाविक, उष्णतेमुळे होणाऱ्या थरथरीवरून आलेला जवळपास शून्य सिग्नल टिपतात. पोर्तो रिकोतलं अरेसिबो अशा रडारांपैकीच एक: ३०५ मीटर रुंदीची थाळी आणि ४३० मेगाहर्ट्‍झ. पातळ थरांचं सगळ्यात सुबक चित्र बरीच वर्षं तिथूनच यायचं. १ डिसेंबर २०२० ला ते कोसळलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं. या जातीच्या रडारचा सिग्नल इलेक्ट्रॉनांवरून परततो, पण त्याच्या वर्णपटाच्या मुख्य भागावर ठसा आयनांचा असतो. म्हणून त्यातला वेग आयनांचा. मग १०० किलोमीटरवरच्या पातळ थरात तो वेग कोणाचा म्हणायचा? वर पाहिलं तसं आयन तिथे वाऱ्याबरोबर जातो. म्हणजे ज्याला तुम्ही थरातलं विद्युत क्षेत्र म्हणून मोजायला गेलात, ते खरं तर वाऱ्याचं मोजमाप निघालं. वाईट मोजमाप नाही ते, पण विचारलं होतं ते हे नाही.

दुसरी जात कोहेरंट रडारची. गादंकीचं रडार आयनांबरासाठी, म्हणजे वातावरणाच्या या विद्युतभारित पट्ट्यासाठी, वापरतात ते बहुतेक याच पद्धतीने. १३० मीटर बाय १३० मीटर शेतात १०२४ यागी अँटेना, टीव्हीच्या जुन्या अँटेनाचे दूरचे भाऊबंद. हे रडार स्वाभाविक थरथर पाहत नाही. प्लाझ्मात एखाद्या अस्थिरतेमुळे लाटा उठल्या आणि त्यांची तरंगलांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी, म्हणजे तीन मीटरला थोडी कमी असली, तरच जोरदार एको, म्हणजे परतलेला सिग्नल, मिळतो. या लाटा चुंबकीय रेषांना समांतर दोऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात. म्हणून रडारची शलाका, म्हणजे रेडिओलहरींचा झोत, त्या रेषांना काटकोनात पडली पाहिजे. गादंकीहून त्यासाठी शलाका उत्तरेकडे साधारण १३ अंश कलती करावी लागते. काटकोन एक-दोन अंशांनी चुकला तर थर वर असूनही पडदा कोरा राहतो, आणि कोऱ्या पडद्याचा अर्थ "थर नाही" असा लावला की संपलं.

कोहेरंट रडारचा वेग लाटेचा असतो. लाट सौम्य असेल तेव्हा ती बव्हंशी इलेक्ट्रॉनांच्या चालीबरोबर, कोनाच्या हिशेबाने सरकते, आणि तिच्यावरून क्षेत्राचा बरा अंदाज येतो. पण इलेक्ट्रॉनांची चाल सेकंदाला सुमारे ३६० मीटर, म्हणजे तिथल्या आयनांच्या ध्वनिवेगापलीकडे गेली, की फार्ली आणि बुनेमन या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलेली दुसरी अस्थिरता सुरू होते. तिच्या लाटा एका गमतीदार हट्टाने त्या ध्वनिवेगाच्या आसपासच चालतात, इलेक्ट्रॉन कितीही जोरात पळोत. ५० मेगाहर्ट्‍झच्या रडारला १२० हर्ट्‍झच्या जवळ एक सुबक, अरुंद शिखर दिसतं आणि ते तिथून ढळत नाही.

मी यात एकदा चांगली तोंडघशी पडले आहे. नोकरीची सुरुवात होती. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या एका रडारची नोंद माझ्याकडे आली होती. अकरा ते एक शिखर जागचं हललं नव्हतं. मी आनंदाने अहवालात लिहिलं, "क्षेत्र दोन तास स्थिर." आमच्या सरांनी तो कागद वाचला आणि काही न बोलता त्याच दिवसाचा मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे जमिनीवर चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा, आलेख शेजारी ठेवला. त्यात प्रवाह त्याच दोन तासांत भराभर चढत होता. मग म्हणाले, "अगं, क्षेत्र स्थिर आहे की तुझी लाट अडकली आहे?" तो आलेख मी अजून जपून ठेवलाय. तेव्हापासून डॉप्लरच्या शेजारी दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाची नोंद असल्याशिवाय मी क्षेत्राबद्दल एक ओळ लिहिलेली नाही.

मग क्षेत्र येतं कुठून? थेट थरातून काढण्याऐवजी त्याच चुंबकीय रेषेवर, जिथे वेगाबद्दल वाद नसतो अशा उंचीवर ते मोजायचं. चुंबकीय रेषा म्हणजे जवळपास उत्तम वाहक तार. मोठ्या पसाऱ्याचं विद्युत क्षेत्र तिच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास जसंच्या तसं उतरतं. म्हणून दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे आयन आणि इलेक्ट्रॉन दोघंही एकाच चालीने जातात, तिथला वेग घ्यायचा, त्यातून क्षेत्र काढायचं आणि रेषेवरून खाली थरापर्यंत आणायचं. क्षेत्र हाती आलं की थरातल्या आयनांच्या वेगातून त्याचा वाटा वजा करता येतो आणि उरतो तो वारा. म्हणजे एकाच रडारच्या दोन उंचींवरच्या दोन वेगांतून क्षेत्र आणि वारा दोन्ही सुटे होतात. या क्षेत्रातली मला आवडणारी सगळ्यात देखणी युक्ती हीच. कागदावर ती दोन ओळींची आहे. खऱ्या डेटावर दोन्ही उंचींचा सिग्नल एकाच वेळी चांगला मिळायला आठवडे वाट पाहावी लागते.

भारतात दिवसा यासाठी आणखी एक सोय आहे. १४० ते १७० किलोमीटरच्या दरम्यान दिवसाउजेडी काही एको येतात, त्यांना सरळ 'दीडशे किलोमीटरचे एको' म्हणतात. १९६० च्या दशकात ते हिकामार्काला दिसले आणि त्यांचं मूळ काय यावर पन्नासेक वर्षं डोकेफोड चालली. मूळ कळण्याच्या कितीतरी आधी त्यांचा उपयोग कळला होता. त्यांचा उभा वेग म्हणजे प्लाझ्माचा खरा उभा वेग, आणि त्यावरून पूर्व-पश्चिम क्षेत्र मिळतं. गादंकीलाही हे एको दिसतात.

आता थराच्या पातळपणाबद्दल, कारण प्रश्नात तो शब्द होता आणि तो नुसता विशेषण म्हणून सोडून द्यायचा नसतो. रडारची अंतरातली बारकाई सिग्नलच्या लांबीवर ठरते. १० मायक्रोसेकंदांचा साधा स्पंद दीड किलोमीटरची चकती पाहतो, १ मायक्रोसेकंदाचा १५० मीटरची. छोटा स्पंद घेतला की शक्ती घटते, म्हणून लांब स्पंदात कोड भरून नंतर तो उलगडतात. हे न करता ३ किलोमीटरच्या चकतीने १ किलोमीटरचा थर पाहिला तर काय होतं? समजा थराची वारंवारता (सरळ वर सोडलेली जी सर्वांत मोठी वारंवारता तो परत पाठवतो ती) ५ मेगाहर्ट्‍झ आहे, म्हणजे घनमीटरला सुमारे तीनशे अब्ज इलेक्ट्रॉन. चकतीत ते तिप्पट जागेत पसरतात, घनता तिसऱ्या हिश्शावर येते आणि तुमच्या आलेखात तो थर २.९ मेगाहर्ट्‍झचा दिसतो. खरा दाट थर मरतुकडा ठरतो. त्यातून शलाका कलती असेल तर आणखी एक फसवणूक होते. तीन अंश रुंदीची शलाका शंभर किलोमीटरवर पाचेक किलोमीटर पसरलेली असते. ती १३ अंश कलली असेल तर अगदी सपाट, कागदासारखा थरही अंतरात सव्वा किलोमीटर जाड दिसतो. एखाद्या आलेखात "थराची जाडी १.२ किलोमीटर" असं दिसलं की मी आधी शलाकेची रुंदी विचारते.

थर सपाट असतो हेही अर्धसत्यच. १९९१ मध्ये जपानमधल्या शिगाराकीच्या रडारवरून यामामोतो आणि सहकाऱ्यांनी असे एको दाखवले जे पाच-दहा मिनिटांच्या तालात येत-जात होते आणि आलेखात तिरक्या रेघांसारखे दिसत होते. वाळवलेल्या कुरडईसारखा थर चुरगळलेला असेल तर काय होईल, याचा विचार तिथून जोरात सुरू झाला. जिथे थर वर-खाली होतो तिथे त्याच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाची वाट मध्येच तुटते. भार काठावर साचतात आणि त्या सुरकुतीपुरतं स्वतंत्र क्षेत्र तयार होतं, सभोवतालच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी मोठं. ते पडताळायला १९९६ मध्ये क्यूशूवरून सीक नावाच्या मोहिमेत रॉकेटं सोडली आणि त्यांनी थरात शिरून क्षेत्र थेट मोजलं. रॉकेटवर दोन लांब दांडे असतात, त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक मोजतात. तिथे "वेग कोणाचा" हा वाद नाही, पण मोजायला मिळतात ती मोजकी मिनिटं.

वरची देखणी युक्ती या सुरकुत्यांपाशी लंगडी पडते. रेषेवरून क्षेत्र जसंच्या तसं उतरतं ते मोठ्या पसाऱ्याचं. किलोमीटरभर रुंदीचं क्षेत्र वर जाता-जाता विरतं. म्हणजे दोनशे किलोमीटरवर मोजलेलं क्षेत्र तुम्हाला थराभोवतीची मोठी परिस्थिती सांगतं, थराच्या पोटातलं बारीक क्षेत्र नाही. त्यासाठी कोहेरंट एकोचा आधार घ्यावा लागतो आणि मग पुन्हा लाटेच्या वेगाचा वाद येतोच. अनेक रिसीव्हर शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातल्या फेजच्या फरकावरून एको नेमका शलाकेच्या कुठल्या कोपऱ्यातून आला, हे कळतं. याला इंटरफेरोमेट्री म्हणतात. त्याने गुंता बराच सुटतो.

इथपर्यंतचा हिशेब एका दमात: थराच्या उंचीवर इनकोहेरंट रडारचा वेग म्हणजे जास्त करून वारा. कोहेरंटचा वेग म्हणजे लाट, आणि ती सौम्य असेल तरच इलेक्ट्रॉनांची चाल. मोठं क्षेत्र वरच्या उंचीवरून रेषेने खाली आणायचं, बारीक क्षेत्र रॉकेट किंवा इंटरफेरोमेट्रीवर सोडायचं.

आता तुमची गच्ची. प्रसारण करायला परवाना लागतो, म्हणून रडारचा विचार सोडा आणि ऐकण्यावर भर द्या. थर आहे की नाही हे ऐकून कळू शकतं. जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी एक बीकन जाळं चालवलंय. त्यात १८ केंद्रं १४.१ पासून २८.२ मेगाहर्ट्‍झपर्यंत पाच वारंवारतांवर तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत पाळीपाळीने आपलं नाव मोर्समध्ये टपटपवतात. प्रत्येकाला दहा सेकंद. नावानंतर लांब टोन येतात, १०० वॉट, १०, १ आणि ०.१ वॉट असे घटत जाणारे. म्हणजे किती जोर पोचला हे आपोआप मोजता येतं. या जाळ्यात श्रीलंकेचं ४एस७बी आहे. ते सुरू असेल तेव्हा खारघरहून साधारण दीड हजार किलोमीटर, ई-थराच्या एका उडीला अगदी बेताचं अंतर. मधला बिंदू कर्नाटकात हासनच्या आसपास पडतो. भूमितीचा हिशेब केला तर एवढ्या अंतराला थराच्या वारंवारतेच्या पाचपट वारंवारता परत वळते. म्हणजे २८.२ वर ते ऐकू आलं, तर हासनच्या वर साडेपाच मेगाहर्ट्‍झचा किंवा त्याहून दाट थर आहे असा अंदाज बांधता येतो.

अंदाजच, कारण एक अडचण आहे. सूर्य जोरात असेल त्या वर्षांत दुपारी ई-थराच्या वरचा एफ-थर इतका दाट होतो की तोही २८ मेगाहर्ट्‍झ तेवढ्या अंतरावर परत वळवू शकतो. दोघांना वेगळं करायला एकच दिवस पुरत नाही. ई-थराचं आगमन अचानक असतं, जोर एकदम चढतो, अर्ध्या-पाऊण तासात तो जातोही. एफ-थर सावकाश चढतो आणि सूर्याच्या मागेमागे उतरतो. महिनाभर रोजची नोंद ठेवली की दोघांचे स्वभाव ओळखीचे होतात. उल्केच्या शेपटीवरून सेकंदभर फुटलेला टोन आणि उलव्याच्या विमानतळावरून चढणाऱ्या विमानाची थरथर मध्ये येईल. त्यांना घाबरू नका.

सेक्टरमध्ये गोंगाट किती असतो हे मात्र आधीच सांगून ठेवते. लिफ्टची मोटर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, शेजारच्या इन्व्हर्टरची शिट्टी. मी पहिल्यांदा नेरुळच्या गच्चीवर रिसीव्हर लावला तेव्हा दोन दिवस एका "एको"वर खूश होते. तो पाण्याच्या टाकीच्या पंपाचा कंट्रोलर निघाला.

डॉप्लर पाहायचा मोह होईलच. चीनमधल्या पुचेंगचं बीपीएम हे वेळदर्शक केंद्र २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्‍झवर अचूक वाहक लहर सोडतं. त्यावर आयनांबराची हालचाल दिसू शकते, पण तिचा आकार पाहा. १० मेगाहर्ट्‍झवर, थर सरळ डोक्यावर २० मीटर प्रति सेकंदाने हलला, तरी सरक जेमतेम १.३ हर्ट्‍झ. तिरक्या वाटेवर त्याहूनही कमी. तुमच्या स्वस्त एसडीआरचा ऑसिलेटर दहा लाखांत एक इतका चांगला असला, तरी त्याची चूक १० हर्ट्‍झ! आभाळ हलतंय की तुमचा क्रिस्टल दुपारच्या उन्हात तापतोय, हे कळणारच नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील, तर मोठ्या अँटेनाऐवजी जीपीएसवर बांधलेल्या ऑसिलेटरवर करा. २४ मेगाहर्ट्‍झच्या खाली यायला डायरेक्ट सॅम्पलिंग किंवा अपकन्व्हर्टर लागेल, तेही लक्षात ठेवा. आणि डॉप्लर मिळाला, तरी तो वाटेच्या एकूण लांबीतला बदल आहे. थर वर गेला की आडवा सरकला की दाट झाला, हे तो सांगत नाही. "वेग कोणाचा" हा प्रश्न गच्चीवरही पाठ सोडत नाही.

विद्युत क्षेत्राचा एक खरा आणि फुकटचा मार्ग मात्र तुमच्या घराजवळूनच जातो, आणि त्यात रडार अजिबात नाही. इलेक्ट्रोजेटचा प्रवाह जमिनीवरच्या चुंबकीय क्षेत्रात दिसतो. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, अलिबाग त्यापासून लांब. दोन्हीकडच्या क्षैतिज घटकाचा फरक घेतला की पृथ्वीभोवतालच्या मोठ्या प्रवाहांचा परिणाम बराचसा वजा होतो आणि उरतो तो इलेक्ट्रोजेट. दुपारी तो दहा-वीस नॅनोटेस्लापासून शंभराच्या पलीकडेही जातो. हिकामार्काच्या रडारवरून मोजलेल्या उभ्या वेगाशी अशा फरकाची जोडणी करून दिवसाच्या पूर्वेकडच्या क्षेत्राचा अंदाज काढण्याची पद्धत आता रुळलेली आहे. हा डेटा सांभाळणारं भूचुंबकत्वाचं जागतिक डेटा केंद्र नव्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतच आहे, खारघरहून अर्ध्या तासावर.

अलिबागची वेधशाळा तिथे आली तीही गोंगाटापायीच. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी जोडता यावी. ट्राम धावली १९०७ मध्ये. गोंगाट यायच्या आधीच जागा बदलणं आणि बदलताना दोन वर्षं जोडणीला देणं, हे आजही किती जण करतात?

तर सुरुवात अशी करा. आधी एक महिना बीकन ऐका आणि रोज नोंद ठेवा. त्याच महिन्यातला अलिबाग-तिरुनेलवेलीचा फरक काढून त्याच्या शेजारी ठेवा. दोन्ही एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असं नाही. उलटा इलेक्ट्रोजेट असलेल्या दिवशी, म्हणजे प्रवाह दुपारी पश्चिमेकडे वळतो त्या दिवशी, तुमच्या २८.२ वर काय झालं ते बघा. विषुववृत्ताच्या कडेचे धातूचे थर त्याच वेळी उठून दिसतात असं आपल्याकडच्या निरीक्षणांत आढळलंय, आणि हासन त्या पट्ट्यापासून फार दूर नाही.

आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा, वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे की जागतिक. माझ्या १९९० च्या दशकातल्या एका वहीवर ते लिहिलेलं नाही, आणि तिच्यातला एक सुंदर इलेक्ट्रोजेट आजतागायत सकाळी साडेसहाला वाहतोय.